खोट्या बातमीतले खरे
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही गिरणीत साचे चालवणारे. आमचे शिक्षण पाळी सुटल्यावर वाचनालयात झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. पेपर आणि टीव्हीतल्या बातमीविषयी थोडे बोलायचे आहे.

१९८२ चा गिरणी संप झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. वडील संपात. शेजाऱ्याचा पेपर मागून आणायचो. किती मीटर कापड बुडाले ते त्यात असायचे. कोणाची भांडी गहाण पडली, कोण गावी निघून गेले, ते नसायचे. छापलेले खोटे नव्हते, पण अर्धेच होते. तेव्हापासून काय छापले याबरोबर काय गाळले तेही बघायची आम्हाला सवय लागली.

आता भोपाळची गोष्ट ऐका. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली, त्यात कारखान्याजवळच्या झोपड्यांतली गरीब माणसे पुष्कळ. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २००१ साली डाऊ केमिकलने युनियन कार्बाइड विकत घेतली, पण भोपाळची जबाबदारी आमच्याकडे येत नाही असेच ती सांगत राहिली.

२००४ साली या घटनेला २० वर्षे झाली. बीबीसीला डाऊचा माणूस मुलाखतीला हवा होता. अमेरिकेत ‘येस मेन’ नावाची जोडी आहे. बड्या कंपन्यांचे सोंग घेऊन त्यांचेच पितळ उघडे पाडायचे, हा त्यांचा उद्योग. त्यांनी डाऊच्या नावाने इंटरनेटवर नकली पान काढून ठेवले होते. बीबीसीने ते खरे समजून त्यांनाच बोलावले! ३ डिसेंबरला त्यांच्यातला अँडी बिकलबॉम कोट-टाय लावून पॅरिसच्या स्टुडिओत बसला आणि म्हणाला, डाऊ पूर्ण जबाबदारी घेते. युनियन कार्बाइड मोडून १२ अब्ज डॉलर पीडितांसाठी आणि जागा साफ करण्यासाठी देईल.

झाले! जर्मनीच्या बाजारात डाऊच्या शेअर्सची एकूण किंमत अर्ध्या तासाच्या आत सुमारे २ अब्ज डॉलरने उतरली. दोनेक तासांत बनाव उघड झाला, बीबीसीने बातमी मागे घेतली, आणि भाव पुन्हा सावरला. म्हणजे बघा, कंपनी न्याय देणार म्हटल्यावर तिची किंमत पडली, देणार नाही म्हटल्यावर चढली. एरवी बातम्यांच्या शेवटी शेअरचा भाव सांगतात, पण तो कशाने चढतो आणि कशाने पडतो, ते त्या दिवशी सगळ्या जगाला दिसले. आणखी एक. कोट-टायवाल्याला कोणी ओळखपत्र विचारले नाही. आपल्या माणसाला रेशनकार्ड दाखवूनही दहा प्रश्न विचारतात!

ही गोष्ट आम्ही विहारात सांगितली तेव्हा एक ताई म्हणाल्या, “दादा, पण ते खोटेच बोलले ना? आपण तर शील घेतो.” प्रश्न रास्त आहे. भोपाळच्या लोकांना घटकाभर आनंद झाला आणि मग तो हिरावला गेला. ते दुःख हलके समजता येणार नाही.

सोंग आपल्याला नवे नाही. सत्यशोधकी जलशात, पुढे आंबेडकरी जलशात सोंग आणून भटजी-सावकाराची पोल उघडी करत. पण तिथे समोर बसलेल्याला ठाऊक असायचे की हे सोंग आहे. इथे सोंग बातमीच्या खुर्चीत बसले, म्हणून फसगत झाली. चार वर्षांनी, नोव्हेंबर २००८ मध्ये याच जोडीने इतरांच्या साथीने ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा हुबेहूब नकली अंक रस्त्यावर फुकट वाटला. मथळा होता, इराकचे युद्ध संपले. मात्र अंकावर तारीख पुढच्या वर्षाच्या ४ जुलैची! डोळे उघडे ठेवून वाचणाऱ्याला खूण सापडत होती. आम्हाला हे दुसरे सोंग अधिक पटते.

तरीही या सोंगाला मोबाईलवरच्या अफवेच्या पंगतीला बसवू नका. बिकलबॉमने त्याच दिवशी पुढे येऊन कबूल केले आणि का केले तेही सांगितले. त्याचा रोख बलाढ्य कंपनीवर होता. अफवेला नाव नसते, ती कधी कबूल होत नाही, आणि तिचा मार बहुधा गरिबावर नि दुबळ्यावर पडतो.

भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा तिथून हलायला २०२५ साल उजाडले. चाळीस वर्षे! ३ डिसेंबर आला की बातमी, ४ तारखेला विसर. म्हणून घरी मुलांसोबत पेपर वाचा. बोलतो कोण, विचारले कोणाला नाही, आणि उद्या ही बातमी कुठे असेल, हे त्यांना विचारायला शिकवा. आमच्या वडिलांना त्या संपात एकाही पेपरवाल्याने काही विचारले नाही. तुमच्या मुलांनी तरी विचारावे.