हरल्यानंतर काय?

(कापड कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



जिंकल्यावर काय करायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. ताशे आपोआप वाजतात, गुलाल आपोआप उधळतो, आणि काल गेटसभेकडे न फिरकलेला गडीही आज पहिल्या रांगेत उभा राहतो. प्रश्न पडतो तो हरल्यावर. मागणी फेटाळली गेली, संप मोडला, चार जणांना कामावरून कमी केलं, खाड्यांनी पगार निम्मा झाला, वाण्याची उधारी छातीवर बसली. अशा वेळी चाळीच्या गॅलरीत बसलेला माणूस स्वतःशीच म्हणतो, “जाऊ द्या हो, गरिबाचं कधी कुणी ऐकलंय?”

आज आम्ही या एकाच वाक्याविषयी बोलणार आहोत.

हे वाक्य बोलणाऱ्याला आम्ही भेकड म्हणणार नाही. ज्याच्या घरात संध्याकाळच्या चुलीची पंचाईत आहे, त्याला व्यासपीठावरून “हिंमत धरा” सांगणं फार सोपं असतं. तेव्हा उपदेश बाजूला ठेवू आणि हिशेब मांडू. कामगाराला हिशेब कळतो. पगाराच्या पाकिटातली चार आण्यांची चूकही त्याच्या नजरेतून सुटत नव्हती. आजचा हिशेब आहे कामाच्या तासांचा.

एका रविवारची किंमत

मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या तेव्हा कामाचे तास सूर्य ठरवीत असे. उजाडलं की गिरणी चालू, मावळलं की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून राबणंही मोठं. आठवड्याची हक्काची सुटी नाही. १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालच्या पोरांना कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या पोरांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये, एवढीच काय ती त्याची दया! मोठ्या बाप्यांच्या आणि बायांच्या तासांना त्यात हद्दच नव्हती.

त्या काळात नारायण मेघाजी लोखंडे नावाचा माणूस उभा राहिला. महात्मा फुल्यांचा सहकारी, सत्यशोधक, ‘दीनबंधू’ पत्राचा संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांच्या सभा झाल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या काय होत्या? आठवड्याला रविवारची एक सुटी द्या. दुपारी अर्धा तास विसावा द्या. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, याच्याबाहेर काम घेऊ नका. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्या. यंत्रात सापडून जायबंदी झालेल्याला काही भरपाई द्या. यांत कुठे जहागिरी मागितली होती? माणसाला जेवढं लागतं तेवढंच मागितलं होतं.

मिळालं काय? काहीही नाही. एक वर्ष गेलं, दोन गेली, तीन गेली. रविवारी भोंगा वाजतच राहिला. बांधवांनो, जरा १८८६ साली जाऊन उभे राहा. त्या साली एखाद्या साचेवाल्यानं म्हटलं असतं, “सह्या करून काय मिळालं?” तर त्याला उत्तर द्यायला कुणाच्या हातात काही नव्हतं. लोखंड्यांच्या संघाजवळ सभासदांची यादी नव्हती, फंड नव्हता, लिहिलेले नियम नव्हते. जवळ होती ती चिकाटी. पुन्हा सभा, पुन्हा अर्ज.

मग आला एप्रिल १८९०. महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलायला उभ्या राहिल्या. १८९० साली, हे ध्यानात ठेवा! आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघानं रविवारची सुटी मान्य केली. पुढल्या साली, १८९१ मध्ये, कायदाही सुधारला. आठवड्याची सुटी आणि दुपारचा विसावा कायद्यात आला, बायांचे तास अकरावर आले.

मागणी लिहिली तेव्हापासून रविवार हातात पडेपर्यंत पावणेसहा वर्षं गेली. निकाल लागला तो शेवटच्या काही आठवड्यांत. बाकीची सगळी वर्षं ‘काही झालं नाही’ याच खात्यात जमा होती. पण ती वर्षं उणी करा, आणि दहा हजारांची सभा कुठून येणार?

विजेचे दिवे आणि पुन्हा पहिला पाढा

आता तुम्ही म्हणाल, जिंकले ना शेवटी? छान झालं, संपली गोष्ट. संपली नाही. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि सूर्य मावळला तरी काम थांबेना. तेरा, चौदा, कुठे पंधरा तासांपर्यंत दिवस ताणला गेला. ज्या उजेडात माणसानं पोथी वाचायची, पोरांना अक्षर शिकवायचं, त्याच उजेडानं त्याच्या पाठीवर आणखी दोन-तीन तास लादले. लोखंडे हे बघायला नव्हते. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा चालू असतानाच ते गेले.

पुन्हा ओरड, पुन्हा दंगे, पुन्हा चौकशी कमिशन. १९११ च्या कायद्यानं कापडगिरण्यांत पुरुषांना बारा तासांची हद्द घातली. १९१९ आणि १९२० साली मुंबईच्या गिरण्यांत मोठे संप झाले, दहा तासांची मागणी पुढे रेटली गेली, आणि १९२२ च्या कायद्यात आठवड्याला साठ तास आले. १९३४ ला चोपन्न झाले. १९४६ ला अठ्ठेचाळीस झाले, म्हणजे सहा दिवस, रोज आठ तास.

करा वजाबाकी. १८८४ ते १९४६, बासष्ट वर्षं! परळच्या सभेत ज्यांनी सह्या केल्या, अंगठे उठवले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी आठ तासांची पाळी डोळ्यांनी पाहिलीच नसणार. मग त्यांचे अंगठे फुकट गेले काय?

एकोणतीस साल

संघटनेचाही हिशेब असाच आहे. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईचे सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली, गिरण्यागिरण्यांतून कमिट्या झाल्या. वर्ष संपताना तिचे सभासद चोपन्न हजारांच्या घरात होते. आणि १९२९ साल कसं गेलं? २० मार्चला पुढाऱ्यांना मीरतच्या खटल्यात पकडून नेलं. त्यांत अर्जुन आळवे आणि गोविंद कासले हे गिरणीतच घडलेले पुढारीही होते. एप्रिलमध्ये पुन्हा संप पुकारला, तो सप्टेंबरात मोडला. कामगार उपाशी, पुढारी तुरुंगात. चोपन्न हजारांचे मूठभर राहिले.

युनियन मेली असंच त्या साली कोणीही म्हणालं असतं. पण १९३४ च्या एप्रिलमध्ये पगारकपातीविरुद्ध मुंबईतल्या गिरण्या पुन्हा बंद पडल्या. तो संपही यशस्वी झाला नाही, हेही सांगितलं पाहिजे. तरीदेखील सरकारला पगाराच्या चौकशीला समिती नेमावी लागली आणि १९३८ च्या सुरुवातीला पगारवाढ हाती आली. १९२९ ते १९३४ च्या मधल्या काळात ज्यांनी मूठभरांची युनियन मूठभरांचीच का होईना, पण चालू ठेवली, त्यांचे फोटो कुठे लागलेले नाहीत. वाढ मात्र त्यांच्यामुळेच सगळ्यांच्या पाकिटात पडली.

आपल्या राज्याची गोष्टही निराळी नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य माथी मारलं गेलं. शंभरावर माणसं गोळ्यांना बळी पडली होती, त्यांत गिरणगावची किती तरी पोरं होती, आणि एवढं होऊन हातात आलं ते नको असलेलं राज्य! पण लोक १९५७ च्या निवडणुकीत तेच बोलले जे रस्त्यावर बोलले होते, आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार तेव्हाही बाहेर राहिलं, आजही बाहेर आहे. म्हणजे जिंकलो त्या दिवशीही काम उरलं होतंच.

जे परत आलं नाही

आता कडू घोट. १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारो घरं गावाकडे गेली, गिरण्या एकामागून एक बंद झाल्या, आणि भोंग्याच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. ‘शेवटी आपण जिंकतोच’ असं जर आम्ही आज म्हटलं, तर त्या घरातली माउली आमच्या तोंडावर बोलेल, “माझ्या धन्याची नोकरी आणून दाखवा!” आणि तिचं खरं असेल. काही हार भरून निघत नाही.

पण त्या हारीनंतरही काही माणसं कागद जपून बसली. तिकीट, फंडाची स्लिप, हजेरीचा पुरावा. गिरण्यांच्या जमिनीवर कामगाराचा काही हक्क आहे की नाही, हे विचारत मोर्चे काढत राहिली. जून २०१२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची म्हाडाची सोडत निघाली, ६,९२५ घरांची. मागणारे लाखावर आहेत, तेव्हा ही घरं फार थोडी. बहुतेकांची वाट पाहणं संपलेलं नाही. तरी ज्या म्हातारीच्या हातात किल्ली आली, ती तीस वर्षं जपलेल्या एका चिठोऱ्यामुळे आली.

तेव्हा करायचं काय?

या सगळ्या हिशेबातून आम्ही चार गोष्टी शिकलो, त्या तुमच्यापुढे ठेवतो.

पहिली : हरलो तर “हरलो” म्हणा. गेटसभेत उभं राहून सांगा, हे मागितलं, एवढं मिळालं, एवढं गेलं. पुढाऱ्यानं हार लपवली की कामगाराचा विश्वास जातो, आणि एकदा गेलेला विश्वास वर्गणीच्या पावतीनं परत येत नाही.

दुसरी : ज्यांना कामावरून काढलं त्यांची यादी करा आणि त्यांच्या घरी जा. हरल्यानंतरच्या महिन्यात संघटना कुठे दिसली पाहिजे? त्यांच्या चुलीपाशी. माणूस एकटा पडला की खचतो. दारात चार सोबती आले, पायलीभर धान्य आलं, पोरांच्या वह्या आल्या, की तोच माणूस पुन्हा उभा राहतो.

तिसरी : लगेच दुसरी मोठी लढाई पुकारू नका. एखादी लहान मागणी घ्या. पिण्याचं थंड पाणी, खात्यातला पंखा, वेळेवर पगाराची चिठ्ठी. लहान मागणी जिंकली की हाताला चव येते. आणि जो गडी फार थकला असेल त्याला दोन महिने घरी बसू द्या. त्याला ‘पळपुटा’ म्हणू नका. तो परत येईल. टोमणा खाल्लेला येणार नाही.

चौथी : हारीचं खापर शेजारच्या साच्यावर फोडू नका. कोकणी म्हणतो घाटी फुटला, घाटी म्हणतो भैया फुटला, हिंदू मुसलमानाकडे बोट दाखवतो, कायम कामगार बदलीवाल्याकडे. अशानं पुढच्या दहा हारी आपण आपल्या हातानं विणून ठेवतो.

बंधूंनो, उमेद आधी येईल आणि मग आपण कामाला लागू, अशी वाट पाहत बसू नका. साच्यावर उभं राहिल्यावरच हात चालू लागतात. वर्गणीची वही उघडा, दोन नावं लिहा, एका घरी जाऊन या. उमेद मागून येते.

आज भिवंडीत, मालेगावात किती तरी यंत्रमागांवर बारा बारा तासांच्या पाळ्या चालतात. १९४६ साली कायद्यात आलेले आठ तास तिथल्या कामगाराच्या वाट्याला अजून आलेले नाहीत. म्हणजे साडेपाच हजार सह्यांचा तो अर्ज अजून निकाली निघालेला नाही, तो आपल्या हातात आहे. या रविवारी आपापल्या वस्तीत बैठक घ्या. पाचच जण आले तरी घ्या, आणि त्या पाचांची नावं वहीत लिहून ठेवा.