प्रांतवार की विषयवार?



मराठी माणूस परमुलखात गेला की आधी घर पाहतो, मग मुलांची शाळा पाहतो आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत एखादे मंडळ काढतो, असे विनोदाने म्हटले जाते. यातील विनोद सोडून दिला तरी एवढे खरे की मंडळ काढणे सोपे असते; ते वाढू लागले म्हणजे त्याची व्यवस्था लावणे अवघड जाते. पन्नास घरे असतात तोवर सर्वजण सर्वांना ओळखतात. कोणाकडे लग्न आहे, कोण आजारी आहे, हे सांगावे लागत नाही. पाचशे घरे झाली की विभाग पाडणे भाग पडते, आणि विभाग म्हटले की पहिला प्रश्न उभा राहतो : ते प्रांतवार पाडावयाचे की विषयवार? म्हणजे नागपूरकर, ग्वाल्हेरकर, इंदूरकर असे गट करावयाचे, की नाट्य, वाचनालय, रुग्णसाह्य, बालवर्ग असे करावयाचे? प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतो. परंतु नव्याने आलेल्या कुटुंबाला दार सापडते की नाही, हे पुष्कळदा त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. म्हणून आज त्याविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

आमच्या भोपाळात हा प्रश्न शहराच्या नव्या जन्माबरोबरच आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ राज्य आणि जुन्या मध्य प्रदेशाचा महाकोशल भाग एकत्र करून नवा मध्य प्रदेश झाला आणि भोपाळ त्याची राजधानी ठरली. कचेऱ्या हलल्या तशी माणसेही हलली. त्यांच्यासाठी जी नवी वसाहत उभी राहिली तिला तात्या टोपे यांचे नाव मिळाले. आपण सारे तिला टी. टी. नगर म्हणतो. तात्या मूळचे नाशिक जिल्ह्यातील येवल्याचे, आणि १८५९ साली फाशी गेले ते शिवपुरीस. वसाहतीचे नाव महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोहोंना जोडणारे पडले, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

या वसाहतीत जी मराठी कुटुंबे राहावयास आली ती काही एका ठिकाणची नव्हती. नागपूरहून आलेल्यांची बोली वेगळी, ग्वाल्हेर-इंदूरच्या संस्थानी वळणाची बोली वेगळी. बाजारात दोघेही भाजीवाल्याजवळ धनियाच मागावयाचे. पण पिशवी घरी आली की एकाकडे तिची कोथिंबीर व्हावयाची आणि दुसऱ्याकडे सांबार. अशा वेळी आपल्या गावच्या माणसांनी आपल्या गावच्या माणसांत बसावे, हे अगदी स्वाभाविक होते. त्यात गैर काही नाही. सोयरीक जुळवताना, सुट्टीत गावी जाताना सोबत पाहताना, घरात दुःखद प्रसंग ओढवला असता, गावच्या ओळखीचा आधार मोठा असतो. प्रांतवार गटांना नाके मुरडणाऱ्यांनी हे विसरू नये.

तथापि या पद्धतीच्या मर्यादाही लवकरच दिसू लागतात. पहिली मर्यादा ही की प्रांत स्थिर राहत नाहीत. ज्या दिवशी नवा मध्य प्रदेश झाला त्याच दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे त्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले, तेव्हा रायपूर-बिलासपूरची मराठी मंडळी एका रात्रीत दुसऱ्या राज्याची झाली. छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा २०२३ साली स्वतःच जिल्हा झाले. नकाशा पाहून विभाग पाडणाऱ्या मंडळाला आपली घटना किती वेळा दुरुस्त करावी लागेल, याचा विचार करावा.

दुसरी मर्यादा याहून नाजूक आहे. वडील ग्वाल्हेरचे, आई अकोल्याची आणि मुलगी जन्मली भोपाळात, तर ती कोणत्या गटात बसावयाची? तिला कोणी विचारले तर ती म्हणेल, मी टी. टी. नगरची. तिच्यासाठी गट नाही. मग हळूहळू ती मंडळातही येईनाशी होते, आणि आपण म्हणतो की तरुण पिढीला मराठीची आस्था उरली नाही. आस्था उरली नाही असे नेहमीच नसते. पुष्कळदा बसावयास जागाच ठेवलेली नसते.

माझ्या पाहण्यातील एका मंडळाने केवळ गावांवरून गट पाडले होते. संक्रांतीला चार हळदीकुंकू झाले आणि चारही ठिकाणी उत्तम झाले. मात्र मंडळाचे वाचनालय दोन वर्षे कुलूपबंद होते. कारण ते चौघांचे होते, म्हणून कोणाचेच नव्हते.

मग विषयवार विभाग हाच उपाय, असे कोणी म्हणेल. त्याचेही गुण मोठे आहेत. तबल्याला तबलजी भेटतो, वाचणाऱ्याला वाचणारा भेटतो, आणि तो कोणत्या गावचा हे विचारावयाचे राहून जाते. परंतु विषयवार विभागांनाही दोन व्याधी जडतात. एक म्हणजे ते फार वाढतात. उत्साही चिटणीस कागदावर पंधरा विभाग मांडतो आणि वर्षअखेर त्यांतील तीनच जिवंत असतात. बाकीच्या बारांच्या पाट्या मात्र लटकत राहतात, आणि नवा माणूस नेमका एखाद्या मेलेल्या विभागाचे दार ठोठावून परत जातो. दुसरी व्याधी अशी की ज्याला कोणताही खास विषय नाही, त्याचे काय? सेवानिवृत्त गृहस्थ असतो, त्याला गावे येत नाही, नाटकात काम करता येत नाही. त्याला केवळ संध्याकाळी दोन शब्द मराठीत बोलावयाचे असतात. शिवाय अंतर आहेच. भेलच्या पिपलानी-बरखेडा वसाहतींतून किंवा बैरागढहून वृद्ध माणसाने रात्री टी. टी. नगरात यावे, ही अपेक्षा कागदावर ठीक दिसते.

आता मोठ्या संस्थांनी हा पेच कसा सोडवला ते पाहू. राज्याचेच उदाहरण घ्या. नव्या मध्य प्रदेशात राजधानी भोपाळला, उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला, लोकसेवा आयोग इंदूरला आणि महसूल मंडळ ग्वाल्हेरला, अशी वाटणी झाली. येथे विषय प्रदेशांत वाटले गेले. यात प्रत्येक भागाचा मान राहिला आणि प्रत्येकाला दुसऱ्याची गरजही राहिली. किंमत पडली ती सामान्य माणसाला. त्याला एका कामासाठी या गावी आणि दुसऱ्यासाठी त्या गावी फिरावे लागले. परंतु न्यायालयाने इंदूर आणि ग्वाल्हेर येथे खंडपीठे ठेवून तो भार पुष्कळसा हलका केला. विषय एका जागी असला तरी त्याचे दार जवळ असावे, हा त्यातील बोध आहे.

दुसरे उदाहरण साहित्याचे. १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले, ते चार प्रादेशिक संस्थांच्या आधारावर. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ सालची, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ १९२३ चा, मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ चा आणि मराठवाडा साहित्य परिषद १९४३ ची. महामंडळाचे कार्यालयही एकाच ठिकाणी कायम न राहता दर तीन वर्षांनी या संस्थांमध्ये फिरते. महाराष्ट्राबाहेरच्या राज्यांतील संस्थांनाही पुढे त्यात स्थान मिळाले. म्हणजे रचना सर्वस्वी प्रादेशिक झाली. परंतु संमेलनाच्या मांडवात जाऊन पाहा. तेथे विदर्भाचा मंडप आणि मराठवाड्याचा मंडप असे नसते. तेथे परिसंवाद असतो, कविसंमेलन असते, कथाकथन असते, ग्रंथप्रदर्शन असते, सारे विषयवार. आपल्या भोपाळने १९६७ साली वि. भि. कोलते यांच्या अध्यक्षतेखाली हे संमेलन भरवले. ग्वाल्हेरने १९६१ साली भरवले तेव्हा कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. व्यवस्था आणि प्रतिनिधित्व प्रदेशावरून, प्रत्यक्ष कार्य विषयावरून, अशी ही विभागणी आहे. ती पुष्कळ वर्षे टिकली, याचे कारण तिच्यात दोन्ही गरजांना जागा आहे.

ग्रंथालयशास्त्राने तर हा प्रश्न फार सुरेख सोडवला आहे. समजा, माळव्यातील शेतीवर एक पुस्तक आहे. ते शेतीच्या कपाटात ठेवावे की माळव्याच्या? रंगनाथन यांनी १९३३ साली आपली द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध केली. तिच्यात ग्रंथाचा मुख्य विषय आधी ठरवावयाचा आणि मग त्याच्या निरनिराळ्या बाजू क्रमाने नोंदवावयाच्या. त्या बाजूंत स्थळ आणि काळ यांना शेवटची पण निश्चित जागा आहे. पुस्तक शेतीच्या कपाटात जाते, पण त्याच्या क्रमांकात माळव्याची खूणही राहते; शोधणाऱ्याला कोणत्याही वाटेने ते सापडावे. पुस्तकाला एकाच फळीवर राहावे लागते, म्हणून ही युक्ती. माणसाला तर तेवढीही अडचण नाही. तो सोमवारी एका विभागात आणि गुरुवारी दुसऱ्यात बसू शकतो. मग त्याला एकाच रकान्यात नाव लिहावयास का लावावे?

आम्हा शिक्षकांना हे नवीन नाही. शाळेत एकच मूल सातवीच्या ब तुकडीत असते, खेळाच्या दिवशी निळ्या गटाचे असते आणि शनिवारी विज्ञानमंडळात असते. त्याचा कोठेही गोंधळ होत नाही. आम्हा कॅथलिकांच्या धर्मग्रामाची व्यवस्थाही अशीच आहे. ज्या हद्दीत घर, त्या धर्मग्रामात नाव. तेथे तुम्ही केरळचे की वसईचे हे विचारीत नाहीत. परंतु गरिबांना साह्य करावयाचे असेल तर १८३३ साली पॅरिसमध्ये निघालेल्या व्हिन्सेंट द पॉल संस्थेसारखी विषयाला वाहिलेली मंडळे असतात, आणि तीही त्या त्या धर्मग्रामात शाखा ठेवून काम करतात.

यात एक बारीक भेद दडलेला आहे, आणि माझ्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली तेथेच आहे. प्रदेश दोन प्रकारचे असतात. एक, आपण जेथून आलो तो. दुसरा, आपण जेथे राहतो तो. मंडळाने विभाग पाडावयाचे तर ते दुसऱ्या प्रकाराने पाडावेत. टी. टी. नगर, अरेरा कॉलनी, भेल, कोलार रस्ता असे विभाग केले तर नागपूरकर व इंदूरकर एकाच ओट्यावर बसतील, आणि भोपाळात जन्मलेल्या त्या मुलीलाही आपला विभाग सांगता येईल.

मात्र हद्द आखताना तिचा उपयोग कशासाठी होणार, हे आधीच ठरवले पाहिजे. १९८४ च्या डिसेंबरातील त्या भयंकर रात्रीनंतर भोपाळच्या तत्कालीन ५६ प्रभागांपैकी ३६ प्रभाग वायुपीडित मानले गेले, आणि पुढे अंतरिम साह्य त्याच हिशेबाने वाटले गेले. एवढ्या मोठ्या कामाला काही तरी रेषा लागतेच, हे मान्य. परंतु त्या रात्री जो स्थानकावर गाडीची वाट पाहत उभा होता, त्याचे घर कोणत्या प्रभागात आहे हे वायूने विचारले नव्हते. जेथे दुःख रेषा ओलांडून जाते, तेथे साह्याचा विभाग रेषेवर बेतू नये. म्हणून रुग्णसाह्य, विद्यार्थिसाह्य, शोकप्रसंगी मदत ही कामे साऱ्या शहराची मिळून एक असावीत.

आता व्यवहाराच्या चार सूचना करतो आणि भाषण संपवतो. पहिली, आरंभी विभाग थोडे ठेवावेत. काम आधी सुरू व्हावे आणि पाटी मागाहून लागावी. दुसरी, कोणालाही दोन विभागांत नाव घालता यावे : एक वस्तीचा, एक आवडीचा. तिसरी, 'इतर' नावाचा विभाग कधीही काढू नये. त्यात जाणाऱ्याला आपण उरलेले आहोत असे वाटते. त्याऐवजी सर्वांसाठी एक सामाईक बैठक ठेवावी आणि नव्या माणसाने प्रथम तेथे यावे. चौथी, दरवर्षी एकदा यादी पाहून जो विभाग निजला असेल तो सन्मानाने बंद करावा आणि त्याची पुस्तके, भांडी, शिल्लक दुसऱ्याकडे सोपवावी.

बैतूल-मुलताईकडून एखादे कुटुंब रुग्णाला घेऊन रात्री हमीदिया रुग्णालयात येते. त्यांना डबा हवा असतो, रक्त देणारा हवा असतो, डॉक्टरांचे म्हणणे समजावून सांगणारा हवा असतो. अशा वेळी मंडळाचा दूरध्वनी उचलणाऱ्याने 'आपण कोठले?' असा पहिला प्रश्न न करता 'आपण कोठे आहात?' असा करावा. एवढे ज्या रचनेने साधेल ती रचना चांगली, मग तिला प्रांतवार म्हणा की विषयवार.