गवत किती वाढू द्यायचं?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पत्रिकेत माझा विषय ‘गवताळ प्रदेशांचे जीवन’ असा छापला आहे. तेवढं एका संध्याकाळी उरकणं माझ्याच्याने होणार नाही. म्हणून मी एकाच प्राण्याबद्दल बोलणार आहे, आणि तोही आपल्याकडचा नाही. खरं सांगायचं तर प्राणी हे निमित्त आहे. मला बोलायचंय गवताच्या उंचीबद्दल. आपल्याकडे कुंपण घातलं, गुरं बाहेर काढली आणि गवत कमरेला लागलं की आपण म्हणतो, रान राखलं. पण त्या रानात कोणाला तोकडं गवत लागत असेल, तर त्याच्या दृष्टीने आपण ते बुडवलेलं असतं. हे माझं जुनं दुखणं आहे. इथे बरीच ओळखीची तोंडं दिसतायत, त्यांनी ते आधी ऐकलंय. त्यांनी डुलकी काढायला हरकत नाही. (हशा)

उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी, कॅनडाच्या दक्षिण कडेपासून मेक्सिकोच्या उत्तरेपर्यंत, गवताचा एक प्रचंड पट्टा आहे. त्यात प्रेअरी डॉग राहतो. नावात कुत्रा असला तरी हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा कृंतक प्राणी. साधारण किलोभर वजनाचा, म्हणजे आपल्या चांगल्या पोसलेल्या घुशीएवढा. त्याच्या पाच जाती आहेत. मी बोलतोय तो काळ्या शेपटीचा, वसाहत करून राहणारा. बिळाच्या तोंडाशी मातीचा उंचवटा, त्यावर दोन पायांवर उभा राहिलेला पहारेकरी, आणि कोल्हा, बिज्जू, गरुड यांतलं काही दिसलं की त्याची भुंकल्यासारखी हाक. हे सगळं तुम्ही टीव्हीवर पाहिलेलं आहे, म्हणून पुढे जातो.

टीव्हीवर एक गोष्ट सांगत नाहीत. हा प्राणी गवत खातो, आणि न खाताही छाटतो. बिळाभोवतीचं उंच गवत कुरतडतो आणि तिथेच टाकून देतो. कशासाठी? पलीकडचं दिसावं म्हणून. त्याचं सगळं संरक्षण डोळ्यांवर आणि शेजाऱ्याच्या हाकेवर चालतं. गवत डोक्याच्या वर गेलं की शेजारी दिसत नाही, शत्रू दिसत नाही, आणि दिसलाच तर फार जवळ आलेला दिसतो. कोरड्या पश्चिमेकडे गवत मुळातच बुटकं, तिथे त्याचं भागतं. पण पूर्वेकडे पाऊस जास्त. तिथलं गवत छातीला लागतं. किलोभराच्या प्राण्याने तिथे किती म्हणून छाटावं? तिथे त्याला मोठं तोंड सोबतीला लागतं. पूर्वी ते तोंड बायसनचं होतं, नंतर गायीगुरांचं आलं.

ही नुसती माझी कल्पना नाही. ओक्लाहोमात विचिटा पर्वतातलं एक अभयारण्य आहे. तिथल्या उंच गवतातल्या एका उजाड वसाहतीचा अभ्यास ऑस्बर्न आणि ॲलन या दोघांनी १९४९ साली प्रसिद्ध केला. चराई थांबली, गवत उंच झालं आणि वसाहत टिकली नाही. कोणी विष घातलं नव्हतं. कॅन्ससमध्ये तर एका पशुपालकाने हेच हत्यार उलटं वापरलं. त्याला प्रेअरी डॉग नको होते. त्याने उन्हाळाभर गुरं त्या तुकड्यातून बाहेर ठेवली आणि गवत वाढू दिलं. शंभर एकरांवर पसरलेली वसाहत काही वर्षांत दहा-बारा एकरांवर आली. विषाच्या एका दाण्याचाही खर्च नाही. आपण ज्याला राखण म्हणतो, तीच तिथे हकालपट्टी ठरली.

आता तुम्ही म्हणाल, मग गुरं आणि प्रेअरी डॉग यांचं भांडण कसलं? भांडण हिशेबाचं आहे. क्लिंटन हार्ट मेरियम हे अमेरिकन सरकारच्या जीवशास्त्रीय खात्याचे प्रमुख, नावाजलेले प्राणिशास्त्रज्ञ. १९०२ साली त्यांनी लिहिलं की टेक्सासमधल्या एका अखंड वसाहतीत ४० कोटी प्रेअरी डॉग असावेत. पुढे हिशेब मांडला की २५६ प्रेअरी डॉग एका गायीइतकं गवत खातात. म्हणजे १५,६२,५०० गायींचा चारा हे उंदीर फस्त करतायत! दोनशे छप्पन्न. अडीचशे नाही की तीनशे नाही. सरकारी आकडा असाच सुटा असतो, म्हणजे कोणी शंका घेत नाही. (हशा) या आकड्यामागे गृहीत असं की प्रेअरी डॉगने खाल्लेली प्रत्येक काडी गायीच्या तोंडातून काढलेली आहे. त्यानंतर कित्येक दशकं स्ट्रिक्निन नावाचं विष लावलेलं धान्य बिळाबिळांत पडत राहिलं. पुढे झिंक फॉस्फाइड आलं. आपल्या शेतकऱ्यांना ते सांगायला नको. आधी दोन दिवस साधा भरडा ठेवायचा, उंदीर सोकावला की औषध घातलेला. तिथेही हीच रीत, फक्त भरड्याऐवजी ओट. शतकभरात या प्राण्याच्या वस्तीचं क्षेत्र नव्वद टक्क्यांहून जास्त घटलं.

हिशेब पुन्हा तपासला गेला तो फार उशिरा. पूर्व कोलोरॅडोत मोजमाप झालं. कुरणाचा २० टक्के भाग प्रेअरी डॉगांनी व्यापला असेल तर गुरांच्या वजनवाढीची किंमत साधारण साडेपाच टक्क्यांनी घटते, ६० टक्के व्यापला असेल तर १४ टक्क्यांच्या आसपास. नुकसान आहे. नाही असं मी म्हणणार नाही, पशुपालकाला ते सोसावं लागतं. पण व्यापलेल्या जमिनीच्या मानाने ते बरंच कमी आहे, कारण वारंवार छाटलेल्या गवताला फुटणारा कोंभ कोवळा आणि जास्त प्रथिनांचा असतो. साउथ डकोटातल्या विंड केव्ह उद्यानात बायसन वसाहतीच्या कडेला मुद्दाम चरायला येतात, असं दिसून आलंय. आणि टेक्सासात प्रेअरी डॉग संपवल्यावर काय माजलं? मेस्किट. रोपं कुरतडणारा आणि शेंगा खाणारा गेला, काटेरी झुडपं वाढली, गवतच कमी झालं. हे मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीच्याच कुळातलं झाड. ज्यांनी ती आपल्या माळावर उपटून पाहिली आहे, त्यांना मी आणखी काय सांगू?

बिळं गेली की बिळांवर जगणारेही जातात. काळ्या पायांचं फेरेट नावाचं छोटं शिकारी जनावर जवळजवळ सर्वस्वी प्रेअरी डॉगवरच जगतं. ते नामशेष झालं अशी समजूत होती. १९८१ साली वायोमिंगमधल्या मिटीट्सी गावाजवळ एका शेतावरच्या शेप नावाच्या कुत्र्याने मेलेलं फेरेट घरी आणलं, आणि सगळ्या तज्ज्ञांचं म्हणणं एका कुत्र्याने खोडून काढलं. (हशा) तिथे शेवटची १८ फेरेट पकडून त्यांची वीण सुरू झाली. पण ती परत सोडायची कुठे? प्रेअरी डॉग असतील तिथेच.

आणि इथे मला मुंबईकडे वळावं लागतंय. अध्यक्षांना वाटेल विषय सोडला, पण सोडलेला नाही.

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी रोग ओळखला, ब्युबॉनिक प्लेग. पुढचं पुणेकरांना मी सांगू नये. सावित्रीबाई त्याच साथीत गेल्या, रँडचं प्रकरण त्यातूनच झालं. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवलं की रोग उंदरावरच्या पिसवेतून येतो. हीच जागतिक साथ १८९४ ला हाँगकाँगमध्ये होती, आणि १९०० साली बोटींवरच्या उंदरांबरोबर सॅन फ्रान्सिस्कोत उतरली. तिथल्या गव्हर्नरांनी काय केलं? प्लेग नाहीच, असं जाहीर केलं! हेन्री गेज त्यांचं नाव. व्यापार बुडेल ना. शहरात माणसं मरतायत आणि गव्हर्नर म्हणतायत सगळी अफवा आहे. हा गुण कुठल्या एका देशाचा नाही. (हशा, टाळ्या) तेवढ्या वेळात जंतू शहराबाहेर पडला. १९०८ च्या सुमाराला तो कॅलिफोर्नियाच्या रानखारींमध्ये सापडला. मग डोंगर ओलांडून पूर्वेकडे, एकेका जातीतून दुसऱ्या जातीत, आणि १९४० च्या दशकात आपल्या या काळ्या शेपटीच्या प्राण्यापर्यंत. आपल्याकडच्या कित्येक रानउंदरांना या जंतूशी जुनी ओळख आहे, ते त्यातून तगतात. अमेरिकेतल्याला ओळखच नव्हती. वसाहतीत शिरला की दहांतले नऊ मरतात, कधी सगळेच. २००८ साली तो साउथ डकोटातल्या कोनाटा खोऱ्यात पोचला. तिथे सोडलेल्या फेरेटांची सर्वांत भरभराटीची वस्ती होती. आता बिळांमध्ये पिसवा मारायची पूड फवारतात. तोंडावाटे द्यायची लस काढली आहे, ती शेंगदाण्याच्या लोण्याच्या स्वादाच्या गोळ्यांमध्ये घालून माळावर टाकतात, काही ठिकाणी ड्रोनने. पिंजऱ्यातला उंदीर आणि शेंगदाणा आपल्यालाही ठाऊक आहे, पण शेंगदाण्यातून लस…

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ चिटणीससाहेब, माझा अर्धा विषय शिल्लक आहे. असो. प्लेगवाल्या भागाचं तात्पर्य एवढंच की विष थांबवलं, कायदा केला, तरी विखुरलेल्या लहान वसाहती एका साथीत पुसल्या जातात, आणि त्या परत भरायच्या तर आसपास राहण्याजोगं तोकडं गवत लागतं. म्हणजे फिरून तिथेच आलो.

प्रत्येक बिळकऱ्याला तोकडंच गवत हवं असं मात्र समजू नका. व्होल नावाचे उंदीर दाट गवताखाली बोगद्यासारख्या वाटा काढून राहतात, चराई वाढली की तेच आधी उठतात. कॅलिफोर्नियात उलटं. बाहेरून आलेल्या गवताच्या वाळक्या थराने कांगारू उंदरांची अडचण होते, गुरं सोडली की जमीन मोकळी होते. म्हणून सगळा माळ एका उंचीचा ठेवणं हीच चूक. काही चरलेलं, काही राखलेलं, काही यंदा जळालेलं, असा तुकड्यातुकड्यांचा माळ हवा.

आता महाराष्ट्र. पाच मिनिटांत. पुरंदर, दौंड, इंदापूर, करमाळा, सोलापूर, हा आपला गवताचा पट्टा. सरकारी कागदावर त्यातला बराचसा ‘पडीक’. त्यात बिळं करून राहणारा जर्बिल आहे. लांब, टोकाला झुबका असलेली शेपटी, मागच्या पायांवर उड्या, रात्रीचा वावर. त्याला गवत छाटून टेहळणी करायची नसते. पण उघडी, पोकळ जमीन लागते. खोकड, घुबड, घोणस यांच्या पोटाला तो लागतो. नान्नजचं अभयारण्य आणि तिथला माळढोक पक्षी हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय, तो सोडतो. पण आपण या पट्ट्याचं काय केलं? चराईबंदी केली, चर खणले, गिरिपुष्प लावलं. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं. त्यातले खड्डे कुठे घेतले गेले असतील, जिथे झाड नव्हतं तिथेच ना?

पुढच्या रांगेत टेकडीवर झाडं लावणारी मंडळी बसलेली आहेत. त्यांच्या चेहऱ्यावरून प्रश्नोत्तरं कशी होणार ते मला दिसतंय. मी झाडांचा वैरी नाही. माझ्या दारात आंबा आहे आणि त्याला मी पाणी घालतो. (हशा) ज्या उतारावर झाडं होती तिथे जरूर लावा. आणि बेसुमार चराईची वकिलीही मी करत नाही. मेंढरं वर्षभर एकाच जागी उभी राहिली की गवताचं खोडसुद्धा उरत नाही, पाऊस माती धुऊन नेतो, तिथे बीळही टिकत नाही. पण आपला धनगर एका जागी राहतच नव्हता. पावसाळा माळावर, दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेला. माळाला चरणारं तोंडही मिळायचं आणि विसावाही. त्याच्या वाटा आपण कुंपणांनी आणि प्लॉटिंगने तोडल्या, मग उरलेल्या तुकड्यावर गर्दी झाली, आणि त्या गर्दीकडे बोट दाखवून चराई वाईट असं ठरवून टाकलं.

अध्यक्ष उठून उभे राहिले, त्यामुळे थांबतो. महिन्याभरात पाऊस येईल आणि तुमच्यापैकी बरेच जण कुदळ-फावडी घेऊन निघाल. त्याआधी एका सकाळी तो माळ नुसता चालून या. ताज्या मातीची बिळं, तोकडं गवत, मेंढ्यांच्या लेंड्या असं एकत्र दिसलं तर तिथे खड्डा घेऊ नका. आणि मेंढरं घेऊन कोणी आलं तर त्याला हाकलण्याआधी विचारा, तो किती दिवस थांबणार आहे.

(टाळ्या)