पाव फेरा, दिवसातून चार वेळा



आमच्या बचत गटातल्या एका ताईंचा मोटारसायकलवरून पडून पाय मोडला. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. ऑपरेशन झालं, पण जखमेतला पू थांबेना. आतलं हाड सडलं होतं. आता पाय काढावा लागणार, असंच सगळे म्हणू लागले. मग एका डॉक्टरांनी सांगितलं, सडलेलं ५ सेंटिमीटर हाड काढू, पायाला बाहेरून कड्या बसवू आणि तेवढं हाड पुन्हा वाढवू.

आम्हाला खरं वाटेना. पण ही रीत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैबेरियातल्या कुर्गानमध्ये डॉ. इलिझारोव यांनी ती शोधली.

कड्या तारांनी हाडाला धरून ठेवतात. त्याच हाडाचा चांगला भाग डॉक्टर एका जागी कापतात. आठवडाभराने तो तुकडा रिकाम्या जागेकडे सरकवायला सुरुवात होते, दिवसाला फक्त १ मिलिमीटर. मागे पडणाऱ्या फटीत शरीर स्वतःच नवं हाड भरतं. घाई केली तर हाड धरत नाही, कंटाळा केला तर फट वेळेआधीच जुळते.

आणि हे नट फिरवायचे कुणी? घरच्यांनीच. पाव फेरा, दिवसातून चार वेळा. ५ सेंटिमीटरला ५० दिवस. त्यानंतर नवं हाड टणक होईपर्यंत आणखी कितीतरी महिने कड्या तशाच.

तिसऱ्या महिन्यात ताई रडल्या, "काढून टाका हे लोखंड." सुगीचे दिवस, घरात माणूस नाही. तेव्हा आम्ही पाळ्या लावल्या. कुणी तारांभोवतीची जागा डॉक्टरांनी दाखवली तशी स्वच्छ केली, कुणी डबा दिला, कुणी तपासणीला सोबत गेलो. मिसरी आम्ही सोडायला लावली, कारण तंबाखूने हाड भरायला उशीर होतो. डॉक्टरांनी सांगितलं तेवढा भार देऊन चालायलाही लावलं.

ताप आला, तारेपाशी पू किंवा लाली दिसली, तार ढिली झाली, बोटं गार किंवा बधिर पडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

दहाव्या महिन्यात कड्या निघाल्या. ताई थोड्या लंगडतात, पण स्वतःच्या दोन्ही पायांवर गटाच्या बैठकीला येतात.

तुमच्या गावात कुणाच्या पायाला अशा कड्या असतील, तर नुसतं बघायला जाऊ नका. पाळी लावा.