खर्जाची जागा

गेल्या वर्षीं आमच्या घरांत एक तंटा उपस्थित झाला. तो पैशाचा नव्हता, मानापानाचाहि नव्हता. तो एका पेटीवरून होता. गाण्यांतील अतिशय खालचे स्वर वाजविण्यासाठींच जो निराळा ध्वनिक्षेपक मिळतो, ज्याला बाजारांत सबवूफर म्हणतात, तो मीं हौसेनें घरीं आणला आणि दिवाणखान्याच्या पुढच्या कोपऱ्यांत, कोणाच्या पायांत येणार नाहीं अशा ठिकाणीं, ठेवून दिला. मी खोलीच्या बरोबर मध्यावर खुर्ची टाकून ऐकत असें. वडील मागच्या कोपऱ्यांतल्या दिवाणावर लोडाला टेकून बसत. तिसऱ्याच दिवशीं ते म्हणाले, "अरे, हें गाणें आहे कीं गिरणी? डोकें भणाणून जातें."

मला तर त्या पेटीचा आवाज जवळजवळ ऐकूंच येत नव्हता. म्हणून मीं तिची कळ आणखी थोडी पिळली, दुसऱ्या दिवशीं आणखी थोडी. आठवड्याभरांत वडील संध्याकाळीं दिवाणखान्यांत येईनासे झाले. त्यांचें वय ८१. तेव्हां त्यांच्या कानांचाच हा दोष असावा असें मीं मनाशीं ठरवून टाकलें, आणि दुर्दैवानें एकदां तसें बोलूनहि दाखविलें. पुढें एका रविवारीं ते बाहेर गेले असतां मी सहज त्यांच्या दिवाणावर आडवा झालों. तेंच गाणें चालू होतें. दोन मिनिटांत मला उठून बसावें लागलें.

आम्ही दोघेहि खरें बोलत होतों. दोष कानांचा नव्हता, पेटीचाहि नव्हता. तो खोलीच्या मापांत होता.

ध्वनि हवेंतून दर सेकंदास सुमारें ३४५ मीटर जातो. सेकंदास १००० कंपनें असलेल्या स्वराची एक लहर जेमतेम ३५ सेंटिमीटर भरते. अशा लहरी खोलींत विखुरतात, पडद्यांत आणि गाद्यांत मुरतात. परंतु सेकंदास ३४ कंपनें असलेल्या नादाची लहर १० मीटर लांब असते, आणि आमचा दिवाणखाना आहे ५ मीटरांचा. अशी लहर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्यें अडकते व जागच्या जागीं डोलूं लागते. परातींत पाणी घेऊन ती हलकेच हलवून पाहावी; पाणी दोन्ही कांठांशीं वरखालीं होतें, मध्यें मात्र त्याची पातळी फारशी बदलत नाहीं. हवेच्या दाबाचें अगदीं तसेंच होतें. भिंतीपाशीं नाद फुगतो, मध्यावर तो नाहींसा होतो. खोलीची रुंदी साडेतीन मीटर. त्या दिशेनें हाच प्रकार ४९ कंपनांच्या सुमारास घडतो. मी दोन्ही बाजूंनीं मध्यावर, वडील दोन्ही बाजूंनीं भिंतीशीं! मला ऐकूं यावें म्हणून मी जेवढी कळ पिळीत होतों तेवढा भार सगळा त्यांच्या माथ्यावर पडत होता.

कोपऱ्यानें त्यांत भर घातली होती. कोपरा म्हणजे सर्व भिंतींची भेट. तेथें ठेवलेली पेटी खोलीच्या प्रत्येक लहरीला पुरेपूर झोका देते. दुकानदार कोपरा सुचवितात तें कांहीं खोटें नव्हे, आवाज तेथें मोठा होतोच. पण तो सम होत नाहीं. शिवाय या विषयावरचीं पुष्कळशीं पुस्तकें अमेरिकेंत लिहिलेलीं. तिकडच्या घरांतून लांकडी सांगाड्यावर पातळ तक्ते ठोकलेल्या भिंती असतात. त्या स्वतः थोड्या कांपून खर्जाचा कांहीं भाग गिळतात, कांहीं बाहेर जाऊं देतात. मुंबई-पुण्याकडील विटांच्या व काँक्रीटच्या भिंती जवळजवळ कांहींच गिळीत नाहींत. आलेला नाद त्या बहुतेक तसाच परत पाठवितात. म्हणून आपल्याकडे जागेची निवड अधिकच जपून करावी लागते. जाड पडदे लावून किंवा अंड्यांचे पुठ्ठे चिकटवून हा नाद आवरेल अशी आशा कोणी धरूं नये.

पहिला उपाय म्हणून मीं खुर्ची हलविली. मागच्या भिंतीपासून सव्वा मीटरवर बसून पाहिलें, तों ३४ कंपनांचा नाद परत आला, पण काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज पातळ झाला. त्या खर्जाचीं कंपनें सुमारें ६९, आणि ५ मीटर लांबीच्या खोलींत ६९ कंपनांची जी दुसरी डोलणारी लहर असते तिची पोकळी नेमकी चौथाई अंतरावर पडते. अखेर पावणेदोन मीटरच्या सुमारास खुर्ची स्थिर झाली. तेथें दोन्ही नाद पुरे नसले तरी दोन्ही आहेत.

मग पेटीची पाळी. सुमारें ८० कंपनांच्या खालचा नाद कोणत्या दिशेनें येतो तें कानाला सहसा उमगत नाहीं. त्यामुळें पेटी इतर ध्वनिक्षेपकांच्या रांगेंतच असली पाहिजे असें नाहीं. पण चांगली जागा शोधावी कशी? येथें एक जुना सिद्धांत उपयोगी पडतो. हेल्महोल्ट्झ व लॉर्ड रॅले या एकोणिसाव्या शतकांतील पंडितांनीं दाखविलें कीं नादाचें उगमस्थान आणि कान यांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो. तेव्हां पेटीच खुर्चीवर बसवावी, खर्जाचे सर्व स्वर फिरून येतील असें एखादें वादन लावावें, आणि आपण मात्र भिंतीकडेनें गुडघ्यांवर रांगत, कान पेटीच्या नेहमींच्या उंचीवर ठेवून, ऐकत जावें. जेथें प्रत्येक स्वर सारखा व स्वच्छ लागेल, कोठें घुमणार नाहीं आणि कोठें गळणार नाहीं, ती पेटीची जागा.

मीं हें केलें. वीस किलोची पेटी खुर्चीवर आणि पन्नाशीचा गृहस्थ जमिनीवर, हा देखावा पाहून घरांतील मंडळींनीं जें म्हणावयाचें तें म्हणून घेतलें. जागा मिळाली ती पुढच्याच भिंतीला, पण कोपऱ्यापासून सुमारें सव्वा मीटरवर, पुस्तकांच्या कपाटाशेजारीं. त्या कपाटाची कांच खणखणत असे. तिच्या खाचेंत पुठ्ठा सारल्यावर निम्मा गोंगाट गेला, आणि तोंवर तोहि मी पेटीच्याच माथीं मारीत होतों.

ज्यांना दोन पेट्या परवडतील त्यांनीं त्या समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवून पाहाव्या. टॉड वेल्टी या संशोधकानें २००२ सालीं चौकोनी खोल्यांचा हिशेब मांडून दाखविलें कीं अशा रचनेनें निरनिराळ्या आसनांमधील फरक पुष्कळ कमी होतो, आणि चारांहून अधिक पेट्यांनीं फारसें साधत नाहीं. विद्युत्-यंत्रानें स्वर समतोल करण्याची सोय अलीकडे असते. तिनें फुगलेला नाद खालीं आणतां येतो. पोकळी मात्र भरून येत नाहीं, तेथें कितीहि शक्ति ओतली तरी ती लहर ती शक्ति स्वतःच खोडून टाकते.

शेवटचें काम एकट्याचें नव्हे. पेटीच्या पाठीमागें, तिचीं व इतर ध्वनिक्षेपकांचीं कंपनें एकमेकांशीं जुळविणारी एक कळ असते. एकानें ती फिरवावी, दुसऱ्यानें आसनावर बसून, जेथें नाद सर्वांत भरीव लागेल तेथें थांबण्यास सांगावें. मी खुर्चींत बसलों आणि वडिलांना म्हणालों, "अण्णा, तुम्ही फिरवा." त्यांनीं ती माझ्या सांगण्याप्रमाणें लावली. मग ते दिवाणावर जाऊन बसले आणि आवाजाच्या कळेपाशीं मी वांकलों. "कमी," ते म्हणाले. "आणखी कमी. आतां किंचित् वाढव." त्या ठिकाणीं मीं खडूनें खूण करून ठेवली आहे.