परतून आलेल्यांची आठवण



हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा इतिहास स्वामी रामानंद तीर्थ आणि अनंत भालेराव यांनी लिहून ठेवला, म्हणून तो आपल्या हाती आहे. पण लढ्याच्या जोडीने आपल्या परभणी जिल्ह्यात परागंदा होणंही घडलं. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या, म्हणजे निजाम राजवटीच्या पाठीराख्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, धास्तीने कितीतरी कुटुंबं निजामाची हद्द सोडून पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात गेली. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीतच होता; म्हणजे ही सरहद्द आपल्याच जिल्ह्याची होती. पेवातली ज्वारी कुणाच्या भरवशावर ठेवली, दावणीची जनावरं सोडून दिली की सोबत हाकत नेली, परक्या गावात चूल कुणाच्या ओसरीवर मांडली, यातलं मराठी कथा-कादंबरीत फार थोडं उतरलं. माझ्या मते याचं कारण असं की ही माणसं परत आली, आणि घर मिळालं म्हणजे गोष्ट संपली, असं आपण धरून चाललो.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं उदाहरण याच्या उलट आहे. सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ मध्ये हद्दपार केलेल्या पोलिश लोकांपैकी सुमारे पाच हजार जण, मुख्यतः बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत राहिले. त्यांतल्या बहुतेकांची गावं युद्धानंतर सोव्हिएत संघात गेली, परतीची वाट उरली नाही. मग त्यांनी आठवणींनाच घर केलं. लंडनमध्ये संघटना उभारली, सर्वांनी मिळून ग्रंथ सिद्ध केला. पुढच्या पिढ्यांना वळिवडे ओळखीचं वाटतं ते या लेखनामुळे. आठवण रक्तातून आपोआप उतरत नाही. कुणाला तरी ती शब्दांत मांडावी लागते.

आपल्याकडे हे काम अधिक अवघड आहे, कारण इथली परागंदा माणसं एकाच बाजूची नव्हती. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याने केलेल्या पोलीस ॲक्शननंतर मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभरातल्या मृतांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार दिला. उस्मानाबाद आणि नांदेड हे सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांत होते. कोणी म्हणेल, ही खपली आता कशाला काढायची? आणि दोन्ही दुःखं शेजारी ठेवली तर रझाकारांचे अत्याचार सौम्य ठरणार नाहीत का? मला तसं वाटत नाही. जुलमी राजवटीचा दोष तिच्याकडेच राहतो. पण त्या राजवटीत मजुरी करून पोट भरणाऱ्या माणसाचं घर जळलं, तर ते दुःखही खरंच असतं. न लिहिलेली जखम बरी होत नाही. ती अफवेच्या रूपाने नातवंडांपर्यंत पोचते, आणि अफवेत फक्त शत्रू उरतो, शेजारी उरत नाही.

दुसरा आक्षेप इतिहासकारांचा आहे: ऐकीव आठवणींत अतिशयोक्ती असते. ती असतेच. म्हणून तारखा आणि आकडे लेखकाने कागदपत्रांवर पारखून घ्यावेत. पण माणूस परतल्यावर कुणाच्या दारावरून जाणं टाळू लागला, कोणती गोष्ट मुलांपुढे कधीच बोलला नाही, याची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. ती साहित्यातच येऊ शकते.

तेव्हा माझी विनंती स्पष्ट आहे. ते दिवस पाहिलेली माणसं आता मोजकीच उरली आहेत. परभणीत मराठी आणि उर्दू एकाच बाजारात बोलल्या जातात. मग दोन्ही भाषांतल्या आठवणी टिपून, एकमेकींत अनुवादून, एकाच ग्रंथात का आणू नयेत? हे काम या साहित्य संमेलनाने अंगावर घ्यावं.