साल १७८०

जुन्या परदेशी नाण्यांच्या मोहाला आम्ही संग्राहक 'इतिहासाची आवड' असे भारदस्त नाव देतो आणि घरच्यांची समजूत घालतो. खरे म्हणजे आम्ही रूपाला भुलतो. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा थालरच घ्या. अठ्ठावीस ग्रॅमचे चांदीचे नाणे. एका बाजूस डोईवरून विधवेचा पदर घेतलेली भरल्या अंगाची राणी, खांद्याशी मोत्यांचे पदक. दुसऱ्या बाजूस दुतोंडी गरुड. कडेवर उठावाच्या लॅटिन अक्षरांत 'न्याय आणि दया' हे तिचे ब्रीद. आणि साल १७८०!

राणी त्याच साली वारली. नाणे मात्र मेले नाही. अरबस्तानातले नि हबसाणातले व्यापारी या ओळखीच्या चेहऱ्यावर विसंबत, म्हणून व्हिएन्नाची टांकसाळ तेच साल घालून नाणी पाडीत राहिली, आजही पाडते. १९३५ साली इथिओपियावर चाल करताना मुसोलिनीने ठसे रोमला नेले. पुढे इंग्रजांनीही ही नाणी पाडली, आणि १९४०-४१ साली तर चक्क आपल्या मुंबईच्या टांकसाळीत!

तेव्हा दुकानदार 'दोनशेहून अधिक वर्षांचे' म्हणून जे पुढे करतो, ते फोर्टात जन्मलेले असू शकते. चांदीच्या भावाने मिळाल्यास खुशाल घ्यावे. जुनेपणाचा पैसा देण्याआधी मात्र थांबावे. जाणकार गरुडाच्या शेपटीची पिसे आणि पदकातले मोती तपासून टांकसाळ ओळखतात. आम्हीही भिंग घेऊन मोती मोजू लागतो. पण मध्येच नजर राणीच्या चेहऱ्याकडे वळते आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.